चित्रकला आणि सुतारकामाचं पुस्तक घेण्याआधी ते असं तपासा

नवीन पुस्तकाचे गुळगुळीत फोटो बघण्यात दोन संध्याकाळी छान जातात. मग वखारीतून सागवानाची फळी येते आणि पहिल्याच वस्तूच्या साहित्याच्या यादीत टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, निघतो. चित्रकलेच्या पुस्तकाचं रडगाणं वेगळं: एका चौकटीत दोन वर्तुळं, दुसरीत चार रेषा आणि तिसरीत आयाळ उडवणारा पूर्ण घोडा. दोन्ही पुस्तकं कपाटात जातात आणि घेणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

चूक बहुतेक वेळा खरेदीच्या क्रमात असते. आधी पुस्तक, मग त्यातलं काम, मग त्या कामाची हत्यारं असा उलटा प्रवास होतो. खाली तो सुलटा लावला आहे. पायऱ्या त्याच क्रमाने करा, कारण पुस्तक कसं तपासायचं ते पहिल्या पायरीत काय लिहिलं त्यावर ठरतं.

## १. तयारी: दोन कामं आणि एक यादी

पुस्तक बघायला जाण्याआधी दोन ठरावीक कामं निवडा. पुढे प्रत्येक पुस्तकाला तीच दोन कामं लावायची.

चित्रासाठी खिडकीजवळ ठेवलेला तांब्या आणि त्याच्या शेजारी एक वाटी. साधं वाटतं, पण यात लंबवर्तुळ, सममिती, प्रमाण, सावली आणि पितळेवरची चकाकी एवढं सगळं येतं.

लाकडासाठी जेवायला बसायचा पाट. साधारण १८ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १ इंच जाड फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. यात कापणं, रंधा मारणं आणि गुण्यात आणणं तर आहेच; शिवाय नवशिक्यांची पुस्तकं ज्यावर हमखास घसरतात तो एक प्रश्न आहे. तो पाचव्या पायरीत येईल.

आता यादी. घरात खरोखर असलेली हत्यारं लिहा, घ्यायची आहेत ती नकोत: करवत (कोणती, दाते कसे), रंधा, पटाश्या (किती सुताच्या; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), गुण्या, हातोडी, सी क्लॅम्प, ड्रिल. काम कुठे करणार, तेही लिहा. पडवीत जमिनीवर बसून, की उंच बेंचवर? लाइट जाते का, आणि कधी? चित्राच्या बाजूला पेन्सिलींचे ग्रेड, कागदाचा आकार आणि दिवसाच्या उजेडात बसता येईल असा वेळ.

तपासणी: यादी एका पानात बसली पाहिजे. दुसऱ्या पानावर गेली असेल तर त्यात हौसेच्या वस्तू शिरल्या आहेत. त्या खोडा.

## २. आपल्याला कोणत्या प्रकारचं पुस्तक हवं?

‘चित्रकला शिका’ असं नाव असलेल्या पुस्तकांत निदान तीन वेगळे प्रकार मिसळलेले असतात.

पहिला प्रकार परीक्षेच्या मार्गदर्शकांचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी मराठीत अशी पुस्तकं भरपूर मिळतात. भूमिती, अक्षरलेखन आणि संकल्पचित्रासाठी ती कामाची आहेत, कारण तिथे रचनेची ठरावीक पद्धत असते. वस्तुचित्रासाठी मात्र त्यातली तयार चित्रं गिरवली की परीक्षेच्या हॉलमध्ये समोर वेगळीच किटली येते आणि हात थांबतो.

दुसरा प्रकार बघून काढायला शिकवणाऱ्यांचा. आपला तांब्या इथे बसतो. तिसरा प्रकार मनातून आकृती रचायला शिकवणारा: ठोकळे, नळकांडी, गोल जोडून माणूस किंवा प्राणी उभा करायचा. दुसऱ्याआधी तिसरा हातात घेतला तर सगळी माणसं एकाच साच्यातली दिसू लागतात.

सुतारकामातही तसंच. सांधे आणि हत्यारी काम, प्लायवूडचं फर्निचर, कोरीवकाम आणि घराच्या चौकटी-छपरांचं काम ही चार वेगळी कामं आहेत. मुखपृष्ठावर सुंदर कोरलेलं हरीण आणि आत निम्मी पानं किचन ट्रॉलीची, असं पुस्तक कुठल्याच कामाला पुरत नाही.

सावधान: ‘संपूर्ण’, ‘ए टू झेड’, ‘१०१ प्रोजेक्ट’ असं नाव दिसलं की पानांची संख्या प्रोजेक्टच्या संख्येने भागा. वाट्याला दोन पानं येत असतील तर तो नमुन्यांचा अल्बम आहे.

## ३. चित्रकलेच्या पुस्तकाची कसोटी

अनुक्रमणिका वाचण्याआधी पुस्तक मधूनच कुठेतरी उघडा आणि अर्धवट चित्रं मोजा. शिकवणाऱ्या पुस्तकात पूर्ण चित्रांपेक्षा अपुरी चित्रं जास्त असतात. एका वस्तूचे निदान चार टप्पे हवेत: कागदावरची जागा आणि एकूण उंची-रुंदी, मोठे आकार, दुरुस्त केलेली कडा आणि शेवटी छटा. दुरुस्ती दिसली पाहिजे. चुकीची रेष आणि तिच्या शेजारी बरोबर रेष दाखवणारं पुस्तक सापडलं तर ते बाजूला काढून ठेवा, अशी फार नसतात.

मग तांब्याची कसोटी. लंबवर्तुळाचं पान शोधा. तिथे या गोष्टी सांगितलेल्या हव्यात:

- डोळ्याच्या पातळीवरचं वर्तुळ सरळ रेषेसारखं दिसतं आणि पातळीच्या जितकं खाली जाईल तितकं गोल होत जातं. म्हणून वरून बघताना तांब्याच्या तोंडापेक्षा बुडाचं लंबवर्तुळ जास्त फुगीर येतं.
- लंबवर्तुळाच्या दोन टोकांना कोपरे नसतात. नवशिके तिथे बदामासारखी टोकं काढतात.
- उभ्या तांब्याचा मधला अक्ष आधी काढायचा आणि लंबवर्तुळाचा लांब व्यास त्याच्याशी काटकोनात ठेवायचा.

यातलं एकही नसेल आणि थेट ‘आता छायांकन करा’ असं असेल तर ते पुस्तक परत ठेवा. आकार चुकलेल्या तांब्यावर कितीही छान छटा दिली तरी तो ठेचलेलाच दिसतो.

नंतर मापन. पेन्सिल धरून वस्तूचं प्रमाण घेताना हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला आणि बसायची जागा कायम, हे पुस्तकात सांगितलंय का? कोपर वाकलं की डोळ्यापासूनचं अंतर बदलतं आणि प्रत्येक माप वेगळं येतं. ‘पेन्सिलने मोजा’ एवढ्यावर सोडून देणारी पुस्तकं इथेच वाचकाला बुडवतात.

परस्पेक्टिव्हच्या, म्हणजे लांबची वस्तू लहान कशी दिसते ते दाखवण्याच्या, प्रकरणात परदेशी रस्ते असतील, हरकत नाही. नियम आपल्याकडच्या जागेला लावून बघता आला पाहिजे. बीबी का मकबऱ्याच्या समोर, मधल्या पाण्याच्या पाटाच्या सरळ रेषेत उभं राहिलं की एकबिंदू परस्पेक्टिव्हचा आयता धडा मिळतो. पुस्तक वाचून तिथे क्षितिजरेषा कुठे येईल ते सांगता आलं पाहिजे: बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर. खाली बसलात तर तीही खाली येते. ही एक गोष्ट स्पष्ट न करता लोपबिंदूंचं (समांतर रेषा लांब जाऊन मिळताना दिसतात त्या बिंदूंचं) जाळं काढायला लावणारं प्रकरण वाया गेलं.

माणसाच्या आकृतीचं प्रकरण असेल तर एक आकडा बघा. अनेक पुस्तकं माणूस आठ डोकी उंच सांगतात. ते आदर्श प्रमाण आहे. प्रत्यक्षातली मोठी माणसं साधारण सात ते साडेसात डोक्यांची असतात आणि लहान मुलं त्याहून बरीच कमी. हा फरक सांगितला असेल तर लेखकाने खरी माणसं बघून काढली आहेत असं धरा.

साहित्याची यादी शेवटी. अमेरिकन पुस्तकातली ‘नंबर २’ पेन्सिल म्हणजे आपली एचबी. एचबी, २बी, ४बी, ६बी, खोडरबर आणि कार्ट्रिज कागद एवढ्यावर पहिली पन्नास पानं निभली पाहिजेत. पहिल्याच धड्याला महागडा आयात कागद मागणारं पुस्तक टाळा. चांगल्या कागदाच्या धास्तीने हात आखडतो.

अर्ध्या तासाची चाचणी: ग्रंथालयात किंवा नमुना पानांवरून एक सराव तिथेच करून बघा. काय काढायचं, किती आकारात, किती वेळात आणि झाल्यावर काय तपासायचं, या चारही प्रश्नांची उत्तरं सरावाच्या पानावरच मिळाली पाहिजेत. चौथं बहुतेक पुस्तकांत नसतं. ज्यात असेल त्याला झुकतं माप द्या.

## ४. सुतारकामाच्या आधी एक बारीक पुस्तक: तांत्रिक रेखाटन

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. आकृती वाचता येत नसेल तर सुतारकामाचं कितीही चांगलं पुस्तक मुकंच राहतं. आयटीआयच्या पातळीचं इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं पुस्तक पुरेसं आहे. त्यातला सगळा अभ्यास नको: रेषांचे प्रकार, मापं लिहिण्याची पद्धत, समोरून-वरून-बाजूने दिसणाऱ्या आकृत्या, छेद आणि आयसोमेट्रिक (तिन्ही बाजू एकत्र दाखवणारी तिरपी आकृती).

गोंधळ होतो तो आकृत्यांच्या जागेवरून. भारतात फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात, त्यात वरून दिसणारी आकृती समोरच्या आकृतीच्या खाली येते आणि उजवीकडून दिसणारी डावीकडे. अमेरिकन पुस्तकांत थर्ड अँगल असते, तिथे वरची आकृती वर आणि उजवीकडची उजवीकडेच. हे लक्षात न घेता चौरंगाचा पाय आखला तर खाच उलट्या बाजूला जाते. चार पाय कापून झाल्यावर जोडायला घेतलं की ते कळतं, तोवर लाकूड गेलेलं असतं.

तपासणी: पुस्तकातली कोणतीही तीन बाजूंची आकृती घ्या आणि वरून दिसणारी कुठे आहे ते बघा. पहिल्या पानावर पेन्सिलने ‘फर्स्ट’ किंवा ‘थर्ड’ लिहून ठेवा.

## ५. सुतारकामाच्या पुस्तकाची कसोटी

### हत्यारं

पहिल्या पाच वस्तूंसाठी लागणाऱ्या हत्यारांची यादी काढून आपल्या पानाशी ताडा. पाचपैकी तीन वस्तू घरातल्या हत्यारांवर होत असतील तर पुढे जा. टेबल सॉ, बँड सॉ, थिकनेस प्लेनर गृहीत धरलेलं पुस्तक वाईट नसतं, ते दुसऱ्या कोणाचं असतं.

देशाप्रमाणे पद्धतही बदलते. जपानी पुस्तकातली करवत आणि रंधा दोन्ही स्वतःकडे ओढताना कापतात. पाश्चात्त्य पुस्तकात दोन्ही पुढे ढकलताना. आपल्याकडे दोन्ही तऱ्हेच्या करवती दिसतात, म्हणून स्वतःच्या करवतीचे दाते कोणत्या बाजूला झुकलेत ते बघून पुस्तक निवडा. ढकलायची करवत ओढून चालवायचा प्रयत्न केला की ती उड्या मारते आणि रेष सुटते.

पाश्चात्त्य पुस्तकात कंबरेच्या उंचीचं बेंच आणि त्याला शिकंजा गृहीत असतो. आपले मिस्त्री जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून काम करतात, त्याची चित्रं या पुस्तकांत सापडणार नाहीत. बेंच नसेल तर ‘बेंच नसताना लाकूड कसं धरायचं’ यावर निदान दोन पानं असलेलं पुस्तक शोधा.

### मापं

एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या किंचित कमी. मिस्त्री सुतात बोलतो, प्लाय मिलिमीटरमध्ये विकला जातो, लाकूड घनफुटात आणि अमेरिकन पुस्तक बोर्ड फुटात मोजतं. बारा बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट. ही भाषांतरं करायची तयारी नसेल तर मिलिमीटरमधलंच पुस्तक घ्या.

दोन सापळे नीट लक्षात ठेवा. अमेरिकन यादीतला ‘दोन बाय चार’ प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो, म्हणजे ३८ बाय ८९ मिलिमीटर. वखारीत खरोखरचा दोन बाय चार मागून आणला तर सगळे सांधे जाड येतात आणि वजन उगाच वाढतं. दुसरा सापळा प्लायचा. पुस्तकातला पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि आपण बहुधा १८ किंवा १९ चा प्लाय आणतो. खाच पुस्तकातल्या आकड्यावर पाडली तर प्लाय आत खुळखुळतो. हातातल्या तुकड्याची जाडी मोजून खाच पाडा, असं पुस्तक स्वतःच सांगत असेल तर लेखक कामाचा माणूस आहे.

### लाकूड हलतं, हे पुस्तकाला माहीत आहे का?

आता पाटाचा प्रश्न. फळीचा ग्रेन, म्हणजे लाकडाचे तंतू, लांबीच्या दिशेने आणि खालच्या पट्ट्या आडव्या. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. मराठवाड्यात श्रावणातली दमट हवा आणि मे महिन्यातली कोरडी झळ यांत एवढा फरक आहे की फूटभर रुंदीची सागवानाची फळीसुद्धा दोनेक मिलिमीटर कमी-जास्त होते. आंबा किंवा नीट न वाळलेली बाभूळ असेल तर आणखी. आडवी पट्टी टोकापासून टोकापर्यंत फेविकोल लावून, स्क्रू घट्ट आवळून बसवली तर फळीला आकसायला जागा राहत नाही आणि ती मधोमध तडकते.

बरोबर पद्धत अशी: मधल्या भोकात स्क्रू घट्ट, दोन्ही टोकांची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट, तिथले स्क्रू वॉशरसह आणि बेताने आवळलेले. गोंद लावायचाच तर फक्त मधल्या इंच-दोन इंचात.

पुस्तकाच्या सूचीत आकुंचन, आर्द्रता किंवा लाकडाची हालचाल यावर पानं शोधा. मग टेबलाचा वरचा तक्ता चौकटीला कसा जोडलाय ते बघा. सरळ गोंद आणि खिळे दिसले तर पुढची पानं चाळायची गरज नाही. इतर सगळ्या त्रुटी चालवून घेता येतात, ही नाही.

### धार

धारेचं प्रकरण पहिल्या चौथाईत हवं, परिशिष्टात नको. पटाशीचा मूळ उतार साधारण २५ अंश आणि धारेचा ३० अंश, निसण्याचे ग्रेड, मागची बाजू सपाट करणं आणि उलट कडेला उठणारी बर (धातूची बारीक खरखरीत कड) बोटाने कशी ओळखायची, एवढं हवं. ‘हत्यारं नेहमी धारदार ठेवा’ हे वाक्य म्हणजे धारेचं प्रकरण नव्हे.

### गोंद आणि पॉलिश

पुस्तकातला पिवळा किंवा पांढरा पीव्हीए गोंद म्हणजे फेविकोलच्या जातीचा, तो चालतो. ‘हाइड ग्लू’ म्हणजे सरस.

खरी गल्लत स्पिरिटची. अमेरिकन पुस्तकातलं ‘मिनरल स्पिरिट’ हे टर्पेंटाइनच्या जागी वापरायचं पेट्रोलियम द्रावण आहे. आपल्या दुकानात नुसतं ‘स्पिरिट’ मागितलं तर चपड्याच्या पॉलिशसाठी लागणारं अल्कोहोल मिळतं. त्याने जुन्या पॉलिशवरून पुसलं की चपडा विरघळून चिकट होतो.

सावधान: पुस्तकात जवसाचं तेल लावायला सांगितलं असेल तर तेलाने भिजलेल्या चिंध्यांबद्दलची सूचना आहे का ते बघा. हे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं आणि बोळा करून टाकलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या उघड्यावर एकेरी पसराव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. शिवाय घाण्यावरचं कच्चं तेल लाकडावर फार सावकाश सुकतं. पुस्तकाला ‘बॉईल्ड’ प्रकार अपेक्षित असतो, तो रंगाच्या दुकानात मिळतो.

## ६. प्रत आणि छपाई

चित्रकलेच्या पुस्तकात छपाई हाच निम्मा मजकूर असतो. मऊ करड्या छटांचं पान उघडा. सर्वांत गडद भागात दोन-तीन पायऱ्या वेगळ्या दिसतात का, की सगळा काळा डाग? डाग असेल तर ती प्रत बहुधा मूळ पुस्तकाच्या फोटोवरून छापलेली आहे.

जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या मागणीनुसार छापलेल्या प्रतींबाबत जास्त सावध राहा. स्कॅनवरून छापल्यामुळे बारीक रेषा तुटतात, घडीची मोठी पानं गाळलेली असतात आणि आकृतीचं प्रमाण लहान होतं. ‘पूर्ण आकाराचा नमुना’ असं लिहिलेली आकृती अशा प्रतीत पट्टीने मोजून बघा.

मोबाइलवरची पीडीएफ मजकूर वाचायला ठीक आहे. सुतारकाम करताना भुशाने भरलेल्या हाताने स्क्रीन मोठी करत बसता येत नाही. लागणारी दोन पानं छापून भिंतीला लावा.

## ७. विकत घेण्याआधी कुठे बघायचं

संभाजीनगरला औरंगपुऱ्यातली दुकानं परीक्षेच्या पुस्तकांसाठी सोयीची. सुतारकामाचं परदेशी पुस्तक तिथे हाताळायला मिळेलच असं नाही, म्हणून आधी ग्रंथालय गाठा. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात चित्रणाची पुस्तकं ७४१ ते ७४३ मध्ये, तांत्रिक रेखाटन ६०४ मध्ये, हत्यारी लाकूडकाम ६८४ मध्ये, इमारतीचं सुतारकाम ६९४ मध्ये आणि कोरीवकाम ७३६ मध्ये असतं. नुसतं ‘सुतारकाम’ म्हणून एकाच कपाटापाशी उभं राहिलात तर निम्मी पुस्तकं दिसणारच नाहीत.

लातूर, नांदेड, परभणी, कुठेही राहत असलात तरी जवळच्या आयटीआयमध्ये कारपेंटर ट्रेड आहे का ते विचारा. या ट्रेडसाठी चेन्नईच्या ‘निमी’ संस्थेची थिअरी आणि प्रॅक्टिकल अशी स्वतंत्र पुस्तकं असतात. दिसायला रुक्ष, पण मापं मिलिमीटरमध्ये, हत्यारं इथल्या बाजारातली आणि सांधे सोप्याकडून अवघडाकडे लावलेले. पहिलं पुस्तक म्हणून आमची पसंती यालाच. फोटोंची हौस दुसऱ्या पुस्तकात भागवा.

## ८. घेतल्यानंतरचा पहिला आठवडा

एकाच वेळी चित्राचं एक आणि लाकडाचं एक, एवढंच उघडं ठेवा. दोन चित्रकलेची पुस्तकं शेजारी ठेवली की एक बाहेरून आत जायला सांगतं, दुसरं आतून बाहेर, आणि तांब्या तसाच राहतो.

सुतारकामाच्या पुस्तकात पहिल्या वस्तूच्या कटिंग लिस्टशेजारी पेन्सिलने सूत किंवा मिलिमीटर लिहून काढा. पुस्तकातल्या लाकडाचं नाव खोडून वखारीत काय मिळतं ते लिहा. मग ते पान ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा आणि हत्यारांची, सांध्यांची त्याची नावं समासात टिपून घ्या. दुकानात आणि वखारीत तीच नावं चालतात.

पहिला सांधा पाइनच्या किंवा पॅकिंगच्या लाकडावर करा. गुण्या लावून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसत असेल तर दुसरा तुकडा घ्या. सागवानाची फळी अजून वखारीतच राहू द्या.